दोन बोटं धूळ

गेवराईच्या स्टँडवर कीर्तनाला निघालेल्या कडूबाई नामजप करत बसल्या होत्या. पण शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं कानी आलं आणि माळेचा मणी पुढं सरकेना.

“माहेरी का म्हनून निघालीस?”

“बाळ त्या घरात गेलं. मी तिथं न्हाई ऱ्हानार.”

“अगं, आमाला खोदकामात तीन हजार वर्षांचं घर घावलं. जमिनीखाली रांजणात लेकरू पुरलेलं. तरी वर सारवून चूल मांडलेली.”

“दुसऱ्या कुणी मांडली असंल. मेलेल्यांच्या गोष्टी सांगून बायकोला नांदवता व्हय?”

“दोन सारवणांच्या मधी धुळीचा थर हाय. घर लई वर्षं ओस व्हतं, खोदकामावरच्या मॅडम म्हनल्या. मग कुणीतरी ऱ्हायला आलं.”

“तीच मानसं?”

“कळत न्हाई. पर नवी चूल लेकराच्या जागेपासून हातभर बाजूला मांडलेली.”

बीडची गाडी फलाटाला लागली. बायको गाठोडं घेऊन उठली.

“धूळ किती व्हती?”

“दोन बोटं.”

“मग आपल्या घरातबी साचू द्या.”

“सुकन्या, त्याला वर्षं लागतील.”

“लागू द्या. पाळण्याच्या जागी तेवढं काही मांडू नका.”