जोडायचं, कापायचं

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब टाकून मास्तरीणबाईंना बाकावर बसवलं होतं. डोळे उघडायचे नव्हते, त्यामुळे शेजारच्या बापलेकीचं बोलणं आपसूक कानावर पडत होतं.

"बाबा, तो ग्रिलवाला अजून तुमच्यासाठी जागा धरून थांबलाय. वेल्डिंग ते वेल्डिंगच!"

"आयुष्यभर जहाजं बांधली, आता खिडक्यांचे गज जोडू होय गं?"

"गोदीत जहाज आहेच कुठे?"

"येईल की. नौदलाची माणसं सोमवारी येताहेत. आमच्या हातात कसब उरलंय का ते बघतील, मगच काम देतील."

"मग तोवर दिवसभर करता काय तिथे?"

"एक जाड पत्रा आहे, तो जोडतो. मग कापतो. परत जोडतो. हाताची सवय जायला नको."

"रोज तोच पत्रा?"

"नवा आणायला मालकाकडे आहे काय?"

"धन्य आहे तुमची! कापून कापून झिजत नाही तो?"

"झिजतो ना. आधी दाराएवढा होता, आता ताटाएवढा झालाय."

"आणि सोमवारी कुणी आलंच नाही तर?"

म्हातारा बराच वेळ खोकला. बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"जोडायला दोनच तुकडे लागतात, बाळ. तेवढे निघतील अजून."