लारीचा श्वास कोंडते

कोनी इश्वास ठेवला नाही जी माह्यावर! एकानंही नाही! तुमाले सांगते, तीन महिने मी घसा कोरडा करून राह्यली का बापहो, या लारीचा श्वास कोंडते... पन चौथी शिकलेल्या बाईचं आयकते कोन?

लारी म्हनजे लढाईतली, जुनीपुरानी, आमच्या मालकानं, म्हनजे घरधन्यानं, हौसेनं घेतलेली. रिठदहून निघाली का चार मैल घोड्यावानी पळे, अन् चढ आला का फुक् फुक् करे, आचके देये, बंद! बरं, बंद पडली तं उभी तं राह्यली पायजे ना? ब्रेक म्हातारे! मांगं मांगं जाये! म्हनून मी मालकाजवळ बसो, मांडीवर हा एवढा गोटा घेऊन. लारी बंद पडली का उडी मारायची अन् गोटा चाकाखाली द्यायचा. लोकाच्या बायका मांडीवर लेकरू घेते, मी गोटा! पुढं पाहो तं चढ, मांगं पाहो तं दरी!

अन् एक बिडी ओढेलोक थांबलं का पुन्हा सुरू! हे काय दुखनं म्हनावं? मालक म्हने, "पेट्रोलात पानी असंन." गाळलं पेट्रोल. मंग रिसोडचा धनसिंग मिस्त्री आला. "भाबी, नळीत कचरा हाये." गाल फुगवून नळी फुकली. चार दिस बरी चालली, पाचव्या दिसी पुन्हा मांगं मांगं! मंग म्हने पंप. मंग म्हने काय तं कार्बोरेटर. मी म्हनलं, "धनसिंगभाऊ, छातीत दमा भरला का मी बी असेच आचके देते. थिचा श्वास कोंडते!" थो हासे. "भाबी, लोखंडाले कायचा वं श्वास?" आयकते कोन?

अन् मंग आलं पुतन्याचं लगन. वऱ्हाड किन्हीराजाले न्यायचं, अन् याच लारीत! मांगं चाळीस मानसं, लेकरं, माही जाऊ चतुराबाई नवरदेवाले घट्ट धरून बसलेली. मी म्हनलं, "नका नेऊ जी, पाया पडते." मालक म्हने, "भेकड कुठची!" भेकड? गोटा कोनाच्या मांडीवर होता जी?

अर्ध्या चढावर... फुक्... फुक्... बंद. अन् मांगं! चाळीसही जनं एकदम, "माय वंऽऽ!" मी उडी मारली, गोटा टाकला, चाक गोट्यावर चढलं... हातभर घसरलं... अन् थांबलं. दरी एका पावलावर!

धनसिंग वऱ्हाडातच होता. रागारागानं त्यानं सीटखालच्या टाकीचं झाकन फिरवलं, तं फुस्सऽऽ! हवा सरकन् आत! थो बोंबलला, "मालक, टाकीत हवाच जाऊन नाही राह्यली! हवा नाही तं पेट्रोल कसं सरकंन पुढं? थिचा श्वास कोंडला!"

"मी काय म्हनत होती!" सगळ्यायच्या तोंडाकडं एकेक करून पाह्यलं मी. आता तं ठेवता ना इश्वास?

पन धनसिंग झाकन उलटंपालटं करतच होता. "याले हवेसाठी बारीक छेद रायते. थो कोनं तं बुजवला... मेनानं... लाल मेन हाये."

अन् सारं वऱ्हाड बायकायच्या कपाळाकडं पाहाले लागलं.

आता तुमीच सांगा, मेन लावल्याशिवाय कपाळाले कुंकू चिकटते का? करंड्यात मेन असतेच ना? त्या छेदातून पेट्रोलचा वास माह्या नाकात जाये, डोकं गरगरे, मी मेनाची गोळी लावून देल्ली, तं काय खून केला? पेट्रोल थे मेन खाये, म्हनून दर आठ दिसानं नवी लावो. लगनाचं म्हनून त्या दिसी जराशी जास्तच लावली...

वीस वर्सं झाले लगनाले. मालकानं मले कधी नावानं हाक नाही मारली. "आयकलं का?" नाही तं "अवं!" बस. अन् त्या दिसी चाळीस मानसायसमोर, झाकन हातात धरून, पहिल्यांदा घेतलं माहं नाव... दरीतून दोनदा परत आलं जी...

"पंचफुलाऽऽऽ!"