शांतम्मांची लाल बाटली

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संघाचे चेअरमन माननीय दिनकरराव, व्यासपीठावर बसलेले संचालक मंडळ, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या आपल्या अतिथिगृहाच्या स्वयंपाकघरप्रमुख शांतम्मा, जिंतूर-गंगाखेडहून आलेले बागायतदार बंधू आणि भगिनींनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. चिटणीस म्हणून मी नेहमी दुसऱ्यांची दहा मिनिटं मोजत आलो. आज माझी कुणीतरी मोजावीत.

शांतम्मांनी अठरा वर्षं या संघाला जेवू घातलं. त्यांच्या हाताची येसराची आमटी, भाजल्या मसाल्याचा तो खमंग वास, या गोष्टी माझ्याआधी बोललेल्यांनी सांगितल्याच आहेत. मी फक्त एका दिवसाविषयी बोलणार आहे. त्या दिवसाचे साक्षीदार इथे बसले आहेत, त्यामुळे मला खोटं बोलायला जागा नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत आपल्याकडे एक फ्रेंच तज्ज्ञ आले होते, आठवतं ना? नाव पेल्तिए. दुसऱ्या दिवसापासून आपण त्यांना पाटील म्हणू लागलो. आपल्या द्राक्षांची वाईन होईल का, हे ते पाहणार होते. होकार आला असता तर कारखाना इथे उभा राहिला असता. त्या पाच दिवसांवर आपल्या सगळ्यांच्या आशा होत्या, आणि आशेइतकाच शकही होता. हा माणूस आपल्या मातीच्या पुड्या का बांधतो? आपल्या वेलींचे फोटो कुणाला दाखवणार आहे? वाईन तोंडात घेऊन तो थुंकायचा, तेव्हा आपले मुंजाजीराव माझ्या कानाला लागले, "साहेब, जे सोताच थुंकायलाय, ते आपल्याला कशाला पाजतो?"

मुंजाजीराव, हसू नका. त्या वेळी मलाही तसंच वाटलं होतं.

माझा स्वभावच संशयी. बाटल्या आल्या तशा मी त्या परवानगीच्या कागदाशी ताडून कोठीत ठेवल्या आणि कुलूप लावलं. किल्ली शांतम्मांकडे द्यावी लागली, कारण कोठीचा दरवाजा त्यांच्या स्वयंपाकघरात उघडतो. ते मला पटलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी पाटलांनी जेवण ठेवलं होतं. कोणत्या वाईनबरोबर कोणता पदार्थ शोभतो, हे ते दाखवणार होते. मटण रांधायला परभणीहून खानसामा यायचा होता. पण त्या आठवड्यात नामांतराच्या मोर्च्यांमुळे एस.टी. बंद होत्या, खानसामा काही पोहोचला नाही. मग सगळा भार शांतम्मांवर आला. त्या गळ्यात लिंग धारण करणाऱ्या, घरात अंडंही न शिजवणाऱ्या. त्यांना दारूतलं काय कळणार, असं मी सभेत बोललोही होतो.

प्रत्येक वाईनच्या दोन बाटल्या होत्या. एक आदल्या दिवशी चाखून स्वयंपाक ठरवायला, दुसरी पाहुण्यांसाठी. आदल्या दिवशी पाटील चाखत होते, पुण्याहून आलेल्या दुभाषी बाई मराठीत सांगत होत्या, आणि शांतम्मा प्रत्येक पेल्याचा नुसता वास घेत होत्या. ओठाला थेंब लावला नाही. फसफसणारी वाईन आली, त्या म्हणाल्या, "हिच्यासंगं गरम भजी द्या, तेल धुऊन काढंल ही." आंबट पांढरी आली, तिच्यासाठी त्यांनी सोलाण्याची, म्हणजे ओल्या हरभऱ्याची, बिनतिखटाची उसळ सुचवली. एका पांढरीला गुलकंदासारखा वास होता. "ही तिखटाला भिणार न्हाई," म्हणून तिच्याबरोबर येसराची आमटी. आणि लाल वाईन? पाटील म्हणाले, ही तुरट आहे, जीभ धरते. शांतम्मांनी पेला बराच वेळ नाकाशी धरला. म्हणाल्या, "जांभळाचा वास हाय, अन् नव्या लाकडाच्या पेटीचा. तुरटाला लोणी पायजे. वांग्याचं भरीत करते, लोणी घालून, वर शेंगदाण्याचं कूट." पाटलांनी एकेक वाक्य वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, पाहुणा आपली थट्टा करतोय.

जेवणाच्या दिवशी सकाळी पाटलांनी लाल बाटली उघडून कोठीत ठेवली. तिला दोन-चार तास हवा लागावी लागते म्हणे. बाहेर जीप वाजत होती, दुभाषी बाईंनाही न घेता ते घाईतच बागा बघायला गेले. दुपारी मी कोठीत डोकावलो, तर शांतम्मा एकट्या, ती बाटली हातात धरून तिच्या तोंडाशी वाकलेल्या.

मी विचारलं, "काय करताय?"

"वास बघायलेय, साहेब. हिला कालचा वास न्हाई. ओलं गोणपाट कोंडून ठेवल्यावर येतो, तसा यायलाय."

मी बाटली उजेडात धरली. ती गळ्यापर्यंत भरलेली नव्हती. आज मला ठाऊक आहे की तशी ती कधीच भरत नाहीत. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की बाटली उघडी आहे, कमी आहे, आणि किल्ली या बाईच्या कमरेला आहे. यांनी चाखली, आणि आता वासाची सबब सांगतात, असा निकाल मी उभ्याउभ्या लावला.

मी चार संचालकांना स्वयंपाकघरात बोलावलं. त्यांच्यासमोर मी शांतम्मांना म्हणालो, "तोंडाचा वास द्या."

चुलीवर येसराला कढ येत होता, तेवढाच आवाज. पन्नाशीच्या पुढच्या, कुणाच्या आजी असलेल्या बाईला मी हे म्हणालो. त्यांनी पदराखाली गळ्यातलं लिंग मुठीत धरलं, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घ्या साहेब."

वास आला नाही. पण संशयी माणसाला वास न येणं हाही पुरावाच वाटतो. मी म्हणालो, "लवंग चघळली असेल." आणि त्यांच्याकडून किल्ली घेतली. उद्यापासून येऊ नका, असंही सांगितलं. त्या वळून चुलीपाशी गेल्या, कारण वांगी भाजायची राहिली होती.

जेवण सुरू झालं. भजी झाली, उसळ झाली, आमटीच्या वेळी पाटलांनी दोनदा वाटी पुढे केली. मग भरीत आलं आणि लाल बाटली आली. पाटलांनी पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. त्यांनी बुचाचा वास घेतला, दुभाषी बाईंशी बोलले, आणि बाई आम्हाला सांगू लागल्या, "ते माफी मागत आहेत. बाटली खराब निघाली. यात कुणाचा दोष नाही, बुचालाच रोग असतो. त्याने वाईनला ओलसर, कुबट वास लागतो. अधूनमधून अशी एखादी निघते."

पाटील पुढे बोलतच होते. बाई सांगत गेल्या, "ते म्हणतात, सकाळी स्वयंपाकाच्या बाई भिजलेलं गोणपाट घेऊन जीपपाशी धावत आल्या होत्या. ते नाकाला लावून दाखवत होत्या. मला वाटलं, बुटाचा चिखल पुसायला दिलंय. मी बूट पुसले, आभार मानले आणि निघालो. मी ऐकायला हवं होतं, असं ते म्हणतात."

पाटलांना त्यांना भेटायचं होतं. मी सांगितलं, त्या कामात आहेत. परदेशी पाहुण्यासमोर आपली शोभा नको, हे कारण मी स्वतःला दिलं. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो, किल्ली ओट्यावर ठेवली आणि काही न बोलता बाहेर आलो. शांतम्मा दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आल्या.

कारखाना झाला नाही. तुमची द्राक्षं खायला आणि बेदाण्याला उत्तम, असं पाटलांनी कळवलं. तो विषय मिटला. पण त्या दिवसापासून आजपर्यंत, पाच वर्षं, शांतम्मा माझ्याशी बोलताना तोंडावर पदर धरतात. फक्त माझ्याशी. पहिल्यांदा मला वाटलं, सर्दी असेल. नंतर शक आला, मला टोचावं म्हणून करतात. त्या दिवशी मीच तोंडाचा वास मागितला होता, हे कबूल करायला मला काल सायंकाळपर्यंत धीर झाला नाही.

काल मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "शांतम्मा, त्या दिवशी माझं चुकलं."

त्या पदराआडूनच म्हणाल्या, "मला ठावं हाय, साहेब. पर तुमी म्हणला होता चार माणसांत. अन् आज सांगायला आलाव एकलेच."

मित्रहो, म्हणून मी आज उभा राहिलो. शांतम्मांनी त्या बाटलीला हात लावला तो खराबी दाखवण्यासाठी. त्यांनी थेंबही घेतला नव्हता. त्या खरं बोलत होत्या आणि मी त्यांची इज्जत घेतली. त्या वेळचे चारही संचालक समोर आहेत, आणि तुम्ही तीनशे जण जास्तीचे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही उणं-अधिक गेलं असेल, तर ते आपण मोठ्या मनाने पोटात घालावं. स्वयंपाकघरात जे गेलं, त्याची माफी मी सभेकडे मागत नाही. ती द्यायची की नाही, हे शांतम्मांनी ठरवायचं. त्या नाही म्हणाल्या, तरी या वेळी मी त्यांचा शब्द खरा मानीन.