चिकूच्या खोलीतले प्रोटीन बार

डहाणूच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर बहीणभाऊ बसले होते. आधी बहीण बोलली.

"देवेश, संध्याकाळपर्यंत पप्पांच्या पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालणार आहेत."

"पेज दिलीस?"

"थुंकून टाकली. डाळीचं पाणीपण. तुझ्या पिशवीत काय आहे?"

"प्रोटीन बार. माझेच, विकायला परदेशातून मागवलेले."

"ते वितळले ना सगळे?"

"हो. तलासरीच्या जिमवाल्याने परत पाठवले. म्हणाला, मी बार मागवले होते, चटणी नाही."

"ठेवले कुठे होतेस?"

"चिकू पिकवायच्या खोलीत. मला वाटलं, फळं ठेवतात म्हणजे थंड असेल."

"अरे, फळ पिकावं म्हणून ती खोली मुद्दाम उबदार ठेवतात. आपल्या आशागड गावचं शेंबडं पोरही सांगेल."

"पप्पांनीपण हेच सांगितलं, ताई. त्यानंतर माझ्याशी बोललेच नाहीत."

"आणि आता त्यांना हेच भरवणार? खराब नाही ना झालेत?"

"तारीख बाकी आहे, फक्त आकार गेलाय. डॉक्टर मॅडमना दाखवलं. कोमट पाण्यात कालवून द्या म्हणाल्या."

"मग तूच जा. मला बघवणार नाही."

देवेश वाटी-चमचा घेऊन आत गेला. बराच वेळ ती दाराकडे बघत राहिली. तो बाहेर आला, तेव्हा उभी राहिली.

"गिळलं?"

"एक चमचा गिळला. मग बोलले."

"तुझ्याशी? काय बोलले?"

"म्हणाले, हा धंदा बंद कर."

"आणि?"

"आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं."