आर्लिस केटनर, अध्यक्षपदाची खुर्ची आणि मी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या शाळांच्या अधीक्षक डॉ. मायरा होल्स्टन, व्यासपीठावर बसलेले आपले नगराध्यक्ष, शाळा मंडळातले माझे सहकारी, नुकत्याच निवडून आलेल्या टेस ब्रॅडी, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या श्रीमती आर्लिस केटनर, आणि केसलर्स ग्रोव्हमधल्या माझ्या गाववाल्यांनो,

मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. तिसऱ्या रांगेत माझी बायको जोलीन बसली आहे आणि तिने आत्ताच घड्याळाकडे पाहिलं. पातेल्यातली राजमा-खिम्याची चिली गरम आहे, दालचिनीचे रोल भट्टीतून निघाले आहेत आणि त्यांचा वास तुमच्यासारखाच माझ्याही नाकात शिरतो आहे. तरी पाचाची दहा झाली तर सांभाळून घ्या.

मंडळाचं काम कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही पाच जणांना निवडून देता. निवडणूक झाली की पुढच्या सोमवारी संध्याकाळी सात वाजता ते पाच जण बसतात आणि आपल्यातूनच एक अध्यक्ष निवडतात. म्हणजे अध्यक्ष तुम्ही निवडत नाही, आम्ही निवडतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण बावीस वर्षं माझ्या पोटात जे दुखतंय त्याचं मूळ इथेच आहे. आणि येत्या सोमवारी, आर्लिसबाईंच्या जागी कुणी बसायचं, हे ठरायचं आहे.

निरोपाच्या भाषणात कौतुक करायचं असतं, याची मला कल्पना आहे. पण मी पीकविम्याचा माणूस. नुकसान झालं असेल तर ते आधी स्पष्ट सांगावं, अशी आमच्या धंद्याची शिस्त. म्हणून सांगतो. मला आर्लिस केटनर यांचा हेवा वाटतो. आजही वाटतो, इथे उभा असतानाही वाटतो. हसू नका, रस मीलर, मी खरंच सांगतोय.

बावीस वर्षांपूर्वी दोन जागा होत्या आणि अर्ज दोनच आले होते. एक माझा, एक म्हाताऱ्या श्री. डॉव यांचा. आम्ही दोघंही बिनघोर. तरी मी दोनशे पाट्या छापून घेतल्या आणि लोकांच्या अंगणात स्वतःच्या हाताने ठोकल्या. आणि या बाई? या तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरातून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. यांनी अर्जही भरला नव्हता. मतपत्रिकेवर खाली एक रिकामी ओळ असते, छापलेली नावं पसंत नसतील तर आपल्या मनातलं नाव लिहायला. आमच्या गावाने पेन घेतलं आणि त्या ओळीवर यांचं नाव लिहिलं. काहींनी नुसतं ‘रोलवाल्या बाई’ लिहिलं, ती मतं बाद झाली. ती बाद होऊनसुद्धा त्या पहिल्या आल्या. मी दुसरा. श्री. डॉव घरी बसले. माझ्या दोनशे पाट्या मी थंडीत एकट्याने उपटल्या, तेव्हा दर पाटीगणिक माझा जळफळाट वाढत होता.

तरी मनाची समजूत घातली. म्हटलं, लोकांना रोल आवडतात, ठीक आहे. पण अध्यक्ष होण्यासाठी नियम माहीत लागतात आणि नियमांचं पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. पहिल्या सोमवारी सचिवांनी विचारलं, अध्यक्षपदासाठी कुणी नाव सुचवतंय का? सगळे आपापल्या कॉफीकडे बघत बसले. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे कुणी स्वतःचं नाव स्वतः सुचवतं का? आपण तर ताटातली शेवटची वडीसुद्धा उचलत नाही. अर्धी करतो, मग पाव करतो, मग तो चुरा संध्याकाळपर्यंत तिथेच असतो. मी सभ्य माणूस. मला वाटलं, आपण यांचं नाव सुचवावं. या ‘छे, मला कुठे जमतंय’ म्हणतील. मी पुन्हा आग्रह करीन. या पुन्हा नको म्हणतील आणि म्हणतील, वेंडेलच योग्य आहे. रीतच आहे ती आपली.

मी म्हणालो, “मी आर्लिस केटनर यांचं नाव सुचवतो.”

या म्हणाल्या, “बरं. ठीक आहे.”

बस, इतकंच. पाच विरुद्ध शून्य. माझं मतही त्यांनाच, कारण नाव मीच सुचवलेलं. आणि एकदा मी सुचवलं म्हणून दर वेळी मीच सुचवायचं, असा पायंडाच पडला. इतिवृत्तं काढून बघा. प्रत्येकात एकच वाक्य आहे, ‘श्री. ओल्टमन यांनी श्रीमती केटनर यांचे नाव सुचवले.’ माझा हेवा सरकारी कागदावर, माझ्याच सहीनिशी, बावीस वर्षांचा जमा आहे.

बरं, त्या काम वाईट करत असत्या तर मला झोप लागली असती. पण तेही नाही. सभेत गावकऱ्यांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. नियमाप्रमाणे अध्यक्षाने वेळ संपल्यावर थांबवायचं. मी असतो तर पुस्तकातलं कलम वाचून दाखवलं असतं. या घरून अंडी उकडायचं घड्याळ घेऊन यायच्या. बसच्या थांब्यावरून कर्ट लँग कसा चिडून आला होता, आठवतंय? आपल्याला सगळ्यांना चोर म्हणाला. घड्याळ वाजलं. या म्हणाल्या, “कर्ट, तुझी तीन मिनिटं झाली. तुझ्या बायकोची तीन अजून शिल्लक आहेत. तिला विचारू, थांबा नक्की कुठे हवा.” ती बाई उठली, चाळीस सेकंदांत जागा सांगितली आणि थांबा तिथे झाला. लोक टाळ्या वाजवत होते. तो थांबा तिथे असावा, असा लेखी प्रस्ताव मी सहा महिने आधी दिला होता. कुणालाच आठवत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ही मी आज सांगणार नव्हतो. जोलीन म्हणाली, नको सांगूस. पण मंडळाचं कामकाज जनतेसमोर झालं पाहिजे असा कायदा आहे आणि हेही एक कामकाजच आहे.

चार वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. आपलं हायस्कूल बंद करून मुलं सव्वीस मैलांवर फॉल्क सिटीला पाठवायची का, यावर मतदान होतं. शाळेच्या याच जेवणघरात तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे होतात. इथल्या निम्म्या लोकांनी त्या शाळेविरुद्ध बास्केटबॉल खेळलेलं. आपल्या मुली त्यांच्या रंगाचा गणवेश घालणार म्हणून माणसं रडत होती.

खरं सांगतो, महिनाभर आधीपर्यंत मी विलीनीकरणाच्या बाजूचा होतो. मुलं कमी होत होती, मला त्यात शहाणपण दिसत होतं. घरी जोलीनला तसं बोललोही होतो. आणि मग आर्लिसबाईंनी दर सभेत आकडे वाचायला सुरुवात केली. पटावर इतकी मुलं. पाच वर्षांनी इतकी राहतील. विज्ञानाला शिक्षक मिळत नाहीत. शांतपणे, चष्मा पुसत पुसत. मला वाटलं, या बाईचं ठरलंय. या विलीनीकरण करणार, आणि कठीण निर्णय धैर्याने घेतला म्हणून लोक यांचंच नाव घेणार.

ते मला सोसवेना. मी रातोरात विरोधक झालो. सव्वीस मैल बर्फातून जाणाऱ्या बसचा हिशेब काढला. शाळा गेलेल्या तीन गावांत जाऊन आलो. तिथली बंद पडलेली किराणा दुकानं, तिथली ओस चर्चं बघितली. सभेत अकरा मिनिटं बोललो. बोलताना मी तुमच्याकडे बघत नव्हतो, त्यांच्याकडे बघत होतो. त्या अकरा मिनिटांत मी जे काही बोललो ते सगळं खरं निघालं, त्याला माझा इलाज नाही.

मग एकेकाचं नाव पुकारलं. डेल फ्रेरिक्स, बंद करावं. डेल, खाली बघू नकोस, तुझं मत प्रामाणिक होतं. ग्लोरिया हॅग, बंद करावं. रस मीलर, ठेवावं. चौथा मी. त्यांच्या तोंडावर बघत, त्यांच्या नाकावर टिच्चून म्हणालो, ठेवावं. दोन आणि दोन झाले.

आपल्याकडे अध्यक्षाचं मत शेवटी. बाईंनी चष्मा घातला आणि म्हणाल्या, “ठेवावं.”

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यांना खांद्यावर घ्यायचेच बाकी होतात. केशकर्तनालयाच्या काचेवर ‘धन्यवाद, आर्लिस’ अशी पाटी लागली. ती चार वर्षं तिथेच आहे. मी दर तीन आठवड्यांनी तिच्याखाली बसून केस कापून घेतो. पाचांतलं चौथं मत कुणाचं होतं, हे त्या न्हाव्यानेसुद्धा कधी विचारलं नाही.

गेल्या मंगळवारी मी त्यांच्या घरी मंडळाची कागदपत्रं घ्यायला गेलो. सामान खोक्यांत भरलेलं होतं. शनिवारी त्या ॲरिझोनाला, मुलीकडे निघताहेत. मी कॉफीला दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली. आणि विचारलं.

“आर्लिस, त्या फेब्रुवारीत तू आयत्या वेळी कशी काय फिरलीस?”

“मी कुठे फिरले? शाळा ठेवायची, हे माझं पहिल्यापासून ठरलेलं होतं.”

“मग महिनाभर ते आकडे?”

“आकडे खरे होते. वाचायला बंदी होती का?”

“तुझं मत काय, ते एकदा तरी बोलायचंस.”

“बोलले असते तर तू काय केलं असतंस, वेंडेल?”

मी कॉफी ढवळत बसलो. साखर घातलेली नव्हती.

“सभेबाहेर तुझं मत मागायला मला बंदी,” त्या म्हणाल्या. “कायदाच आहे तसा. डेल आणि ग्लोरिया हलणार नाहीत, हे कुणालाही दिसत होतं. रस माझ्या बाजूला. उरलास तू. बावीस वर्षांत माझं मत आधी कळलं आणि तरी तू माझ्या बाजूने बोललास, असं एकदा तरी झालंय का?”

“दर वेळी अध्यक्षपदाला नाव कोण सुचवतं?”

“ते सोड. ते तू रागाने सुचवतोस.”

मी म्हणालो, “म्हणजे तू मला वापरलंस.”

त्या म्हणाल्या, “चांगल्यासाठी वापरलं. तू त्या तीन गावांत गेलास, मला या गुडघ्यांमुळे जाता आलं नसतं. त्या अकरा मिनिटांत मलाही दोन गोष्टी नव्या कळल्या. आणखी कॉफी?”

घरी येऊन जोलीनला सांगितलं. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मला मात्र हसू आलं नाही. मी गाडीत जाऊन बसलो. माणूस बावीस वर्षं दुसऱ्याकडे जळून बघत राहतो आणि समजतो की आपण त्याला ओळखलंय. ओळखलं होतं त्यांनी. मला तर त्या चष्मा पुसतात एवढंच माहीत होतं.

तेव्हा मंडळी, हायस्कूल वाचलं ते एका निवृत्त आचारीबाईंच्या डोक्यामुळे आणि एका विमावाल्याच्या मत्सरामुळे. दोन्हीची नोंद व्हावी, इतकीच माझी मागणी आहे. पाटीवर जागा असेल तर माझं नाव खाली, बारीक अक्षरांत चालेल.

आता सोमवारचं. अध्यक्षपदासाठी नावं विचारली जातील आणि सगळे कॉफीकडे बघतील. मला माझ्या सहकाऱ्यांचा स्वभाव ठाऊक आहे. टेस, तू नवी आहेस, तुला म्हणून आधीच सांगतो, दचकू नकोस. मी हात वर करणार आहे आणि माझं नाव मीच सुचवणार आहे. गावात असं कधी झालेलं नाही. असभ्य दिसेल. पण मला ती खुर्ची हवी आहे. पहिल्या दिवशीच हवी होती, आणि नको म्हणण्याचं सोंग मला आता जमणार नाही. मत द्या किंवा नका देऊ. हे मी सभेबाहेर मत मागतोय असं समजू नका, मायरा, मी फक्त माझा बेत सांगतोय.

आर्लिस, आता तुझ्याशी. इतका वेळ अहो-जाहो केलं, समारंभ आहे म्हणून. चार दिवसांमागे मला वाटत होतं, तू गेलीस की मी मोकळा होईन. मंगळवारपासून ते वाटत नाही. तुझ्यापेक्षा वरचढ ठरायचं म्हणून मी प्रत्येक कागद वाचला, एकही सभा चुकवली नाही, माझ्या मुलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशीची सुद्धा. तू समोर नसशील तर मी नुसता म्हातारा होत जाईन, अशी मला भीती वाटते.

आपल्या सभा संगणकावर दिसतात. केसलर्स ग्रोव्हच्या सगळ्या सभांना मिळून आजवर अकरा प्रेक्षक झालेत, त्यातला एक मीच. सोमवारी इथे सात वाजतील तेव्हा ॲरिझोनात सहा वाजलेले असतील. तू जेवायला बसायच्या आधीची वेळ आहे.

आज हे जेवणघर सजवणाऱ्या शाळेच्या मुलांचे, चिली रांधणाऱ्या स्वयंपाकघराचे, मला बोलू देणाऱ्या डॉ. होल्स्टन यांचे आणि घड्याळाकडे बघणं मघाशीच सोडून दिलेल्या माझ्या बायकोचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या भरात कुणाला लागेल असं काही निघालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. बावीस वर्षांत मनात जे आलं, त्याबद्दलची माफी मी एकटीकडेच मागतो, आणि ती इथे समोर बसली आहे.

सोमवारी बघ, आर्लिस. तू बघत असलीस तर मी नीट वागेन.