सतराव्या रांगेतला नारळ

…पिशवीतले कपडे नका दाखवू काका, कपड्यांखालचं दाखवा. हं. हा काय! कुठल्या झाडाखालचा, ते विचारायलाच नको – सतरावी रांग, नववं झाड, तुमच्या बेटाचं. सकाळपासून त्याच्यापुढे टोपी काढून उभे होतात, मी फाटकातून बघत होतो.

ठाऊक आहे हो, सगळं ठाऊक आहे! तुमच्या आजोबांनी शंभर नारळ इथल्या जतन-बागेसाठी बोटीत चढवून दिले – आज तुम्ही सांभाळा, उद्या आम्हाला लागले तर परत द्या – सात देशांच्या सह्या आहेत त्या कागदावर, संचालकांच्या खोलीत काच लावून टांगलाय. मग वादळात तुमचं बेट धुऊन गेलं, त्या जातीचं एक झाड उरलं नाही, आणि तुम्ही तीन विमानं बदलून इथे आफ्रिकेत, आबिदजानला आलात. दिलं काय तुम्हाला? आचेके-मासळीचं जेवण आणि एक फाईल!

पण हा नाही जाऊ द्यायचा मला. इथल्या झाडांना पिवळा रोग आहे – झावळ्या पिवळ्या पडतात, फळं गळतात, शेवटी शेंडाच निखळतो, बागेत नुसते खांब. नारळातून पसरतो का? दोन शास्त्रज्ञ हो म्हणतात, दोन नाही म्हणतात, चौघं मिळून दरवर्षी परिषद भरवतात. नक्की कोणालाच माहीत नाही, म्हणून बंदी. तुमच्या शेजारच्या बेटांवरची झाडं अजून उभी आहेत ना? तीही गेली तर?

दोन वर्षांपूर्वी मिळाला असता. तुमचं पत्र तेव्हाच आलं होतं, आणि रोग होता एका झाडावर, एकाच – मला कसं माहीत? मला नाही तर कोणाला! माझा मामा, एत्तियें, इथला मुकादम. म्हणाला, परदेशी पाहुणे येतायत, चढ आणि पिवळ्या झावळ्या उतरव. मी म्हटलं, मामा, झाड जाळायला हवं, वर कळवा. तर म्हणे, कॉलेज अर्धं टाकून आलेला तू मला शिकवणार? संचालकांनाही माहीत होतं. एवढी पिकलेली डोकी, एकाला तोंड उघडवलं नाही. पाहुण्यांनी फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. आणि चढलं कोण? मीच. कोयताही हाच. ते एक झाड तेव्हा जाळलं असतं तर –

असं बघू नका. हे सांगायचं नव्हतं मला.

जप्त केलेला नारळ तुमच्यासमोर फोडायचा, असा नियम आहे. सरका जरा… थांबा, नुसतं टोपण उडवतो. घ्या. पाण्याबद्दल त्या नियमात कोणी काही लिहिलेलं नाही. प्या. नाही, मला नको, सगळं तुम्हीच प्या. सावकाश.

झालं? करवंटी द्या इकडे, जाळायचीय. बसवाला हॉर्न देतोय – निघा. नाही काका, हात नका मिळवू माझ्याशी. निघा.