उन्हात ठेवलेला चाकू

यज्ञेश : म्हणजे मी नको म्हटलं तरी तू घेतलासच.

मालिनी : घेतला. कॅम्प पाचच्या बाजारात, हाताच्या डॉक्टरांकडून परतताना. तुझी अनुया रिक्षा बघत होती तेवढ्यात. एकशे ऐंशी रुपयांना.

यज्ञेश : आणि मुठीवर हे ‘जपान’ काय लिहिलंय?

मालिनी : दुकानदार म्हणाला, “अम्मा, जपानी पत्ती है.” मी म्हटलं, बाबा रे, कॅम्प पाचातच बनणारं जपान मला चाळीस वर्षं ठाऊक आहे, तू आपली धार दाखव. त्यानं कागद उभा धरून सरळ कापून दाखवला.

यज्ञेश : घरात तीन सुऱ्या आहेत, आई. विळी आहे.

मालिनी : विळीवर बसायला गुडघा नाही म्हणतो. सुरी हातातून निसटते, तिची मूठ किरकोळ. याची बघ, जाड आहे, रबरी आहे. मनगट मोडल्यापासून माझ्या उजव्या हातात नीट बसलेली ही पहिली वस्तू. दुधाची पिशवी, गोळ्यांचं पाकीट, पार्सलची दोरी, काकडी, पेरू. पंधरा दिवस तुमच्या अंबरनाथच्या घरात सगळं मी यानंच कापलं. काम झालं की मिटायचा आणि पिशवीत टाकायचा. बायकोला विचार तुझ्या.

यज्ञेश : विचारलं. ती हो म्हणाली म्हणून तर आज तुला परत इथं शिरगावच्या घरी आणलं.

मालिनी : आणि अकरा वाजता भाडेकरूलाही बोलावलंस.

यज्ञेश : ते तुला सांगूनच बोलावलं. आपलं काय ठरलं होतं? कुणाच्या मदतीशिवाय इथं चहा-न्याहारी करून दाखवलीस, तर हे घर तुझं, तू इथं राहायचंस. नाही जमलं, तर त्यांना किल्ली द्यायची आणि तू कायमची आमच्याकडे. तूच कबूल केलंस.

मालिनी : केलं ना. नाही कुठं म्हणते? ती दुधाची पिशवी दे इकडे.

यज्ञेश : ही घे.

मालिनी : हं.

यज्ञेश : काय झालं?

मालिनी : काही नाही.

यज्ञेश : चाकू उघडत नाहीये.

मालिनी : उघडेल. काल संध्याकाळी अंगठा लावायचा अवकाश, की उघडत होता.

यज्ञेश : दे, मी उघडून देतो.

मालिनी : नको. धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत, भांडणं होतात. आणि तू उघडून दिलास तर मी काय दाखवलं?

यज्ञेश : अंगठा आखडलाय तुझा.

मालिनी : थंडीनं.

यज्ञेश : आई, पुरे आता. लाल झालंय बोट.

मालिनी : अजून अकरा वाजले नाहीत.

यज्ञेश : हे चाकूचं नाही गं. जूनमध्ये तू न्हाणीत पडलीस, दोन तास त्या फरशीवर होतीस. मी तीनदा फोन केला आणि म्हटलं, झोपली असेल. मीटिंगला जाऊन बसलो. ते दोन तास अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मालिनी : माहीत आहे मला.

यज्ञेश : मी कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. त्या लोकांना घर सापडायचं नाही. तू बस, उगाच जोर लावू नकोस.

मालिनी : बसते. दार लोटून घेऊ नकोस, ऊन येऊ दे आत.

पुतळाबाई : वहिनी? गो वहिनी, दार उघडं दिसलं म्हून आले. मना वाटलं, कोन शिरलं घरान. सा महिने झाले तुमचं तोंड नाय दिसलं.

मालिनी : ये, पुतळाबाई, ये. मलाच काय ते शेवटचं बघून घे. अकरा वाजता इथं दुसरी माणसं येणार आहेत राहायला.

पुतळाबाई : आनि तुमी?

मालिनी : पाचव्या मजल्यावर. लेकाकडे.

पुतळाबाई : मंग मी भिंतीवरून कोनासंगं बोलू? एवढ्या वालाच्या शेंगा घेऊन आले, कालच वांगणीवरून भावानं धाडल्या. सोला आनि उसळ करा. हातात काय तुमच्या?

मालिनी : चाकू. माझी परीक्षा होती, नापास झाले. हा अंगठा, काल हलत होता, आज ऐन वेळी मेला.

पुतळाबाई : चाकू तुमी वापरता? अण्णा व्हते तवा हात नाय लावला कधी.

मालिनी : चाकू त्यांचा, विळी माझी. आमच्या संसारात अशीच वाटणी होती.

पुतळाबाई : काडेपेटीच्या कारखान्यातनं आले का कुंपनाचा पेरू तोडायचे, उभ्या उभ्या चार फोडी. एक माज्या गोदूची. लगीन होऊन पोरं झाली तिला, आजून इचारते, पेरू हाय का गो तो?

मालिनी : पुराच्या वर्षी त्यांचा चाकू गेला वाहून. कपाट सापडलं, भांडी सापडली, तेवढा नाही सापडला. आठ दिवस शर्टाचा खिसा चाचपत होते. मी म्हटलं, दुसरा घ्या. म्हणाले, आता कुठं नव्याशी ओळख करत बसू? मी बघ, बहात्तराव्या वर्षी ओळख करायला गेले.

पुतळाबाई : द्या तं मना.

मालिनी : स्टुलावर ठेवते, उचल.

पुतळाबाई : अग्गो, माज्यानं पन नाय उघडत. आनि मी रोज दोन भारे गवत कापते.

मालिनी : तुझ्यानंही नाही?

पुतळाबाई : चिकट लागते इथं, खिळ्याकडं. काय लावलंत?

मालिनी : तेल. काल रात्री. म्हटलं, परीक्षेच्या दिवशी कुरकुरायला नको. अण्णा घालायचे ना त्यांच्या चाकूला तेल.

पुतळाबाई : कोंचं तेल?

मालिनी : खोबरेल. डोक्याला लावतो ते.

पुतळाबाई : वहिनी, आज सकाळी मी केसांना तेल काढाया बसले, तं काडीनं कोरून काढलं. मेणावानी झालंय. चार दिस झाले कसली थंडी परलीय, आनि तुमी चाकूच्या सांध्यान खोबरेल ओतलं?

मालिनी : थिजलं?

पुतळाबाई : थिजंल नाय तं काय करंल? अण्णा शिलाई मशीनचं घालायचे. माज्याच घरून न्यायचे, बाटलीच्या बुचातनं.

मालिनी : मला वाटायचं, ते तुझ्याकडे बिडी ओढायला जातात.

पुतळाबाई : ते पन. जावं द्या, देवमाणूस व्हते. आना, पायरीवर ठेवू उन्हान.

(दोघी पायरीवर बसल्या. मधे चाकू, मांडीवर शेंगा. मालिनीबाईंनी दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. ऊन आधी त्यांच्या पावलांवर आलं, मग रबरी मुठीवर.)

पुतळाबाई : आता बघा.

मालिनी : तूच बघ. मला धीर नाही.

पुतळाबाई : परीक्षा कोनाची?

मालिनी : बरं. उघडला.

पुतळाबाई : आवाज नाय आला.

मालिनी : आवाज कशाला हवा? हा बघ, मिटला. पुन्हा उघडला. चल आत, दुधाची पिशवी राहिली आहे. तू कशाला हात लावायचा नाहीस, नुसतं उभं राहायचं.

पुतळाबाई : उभी ऱ्हाते. चहा मिलंल ना पन?

यज्ञेश : आई, ते लोक बदलापूर स्टेशनवरून रिक्षात बसलेत, दहा मिनिटांत... हा वास कसला?

मालिनी : आल्याचा. चहा झालाय. पोह्यांना कांदा कापून ठेवलाय, दोन शेंगाही सोलल्या. बारीक नाही कापला गेला, चालवून घे.

यज्ञेश : मावशी, तुम्ही कापलात ना?

पुतळाबाई : मना भांड्याला शिवू नाय दिलं. इचार देवाला.

यज्ञेश : मग मघाशी?

मालिनी : मघाशी अंगठा ठीक होता. चाकू गारठला होता. मी त्याला खोबरेल पाजलं होतं.

यज्ञेश : खोबरेल? या थंडीत?

मालिनी : हसू नकोस. हस, हस, बऱ्याच दिवसांत हसला नाहीस. आणि हा बघ, खात्री करून घे. स्टुलावर ठेवते.

यज्ञेश : उघडतोय छान. धार पण बरी आहे. पण हा... मिटत नाहीये. अडकला का?

मालिनी : जोर लावू नकोस, बोट जाईल. आत एक पातळ पट्टी आहे, ती अंगठ्यानं बाजूला सारायची, मग मिटतो. ठेव खाली. असा. बघितलंस?

यज्ञेश : ज्या अंगठ्याला डॉक्टर म्हणाले, वर्ष लागेल.

मालिनी : डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता दाबायला. चेंडू दाबून चहा होत नाही, मग अंगठा तरी कशाला मनावर घेईल?

यज्ञेश : आई, हात झाला. न्हाणीचं काय? तिथं पडलीस तर चाकू काय करणार?

मालिनी : काही नाही करणार. ते खरं आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पुतळाबाई : माज्याकडं हाय. आमचा अल्पेश नळाचीच कामं करतो, दोन दांडे बसवंल भिंतीला, धराया. आनि सकाळी माजी चूल पेटली का मी हाक मारीन. वहिनींनी ओ नाय दिली, तं भिंतीवरून येईन. पडले तं दोघी पडू.

यज्ञेश : मावशी, हे तुम्ही आधी का नाही बोललात?

पुतळाबाई : तू इचारलंस कवा? टेम्पो घेऊन आलास नि आयेला घेऊन गेलास.

यज्ञेश : बरं. दांडे बसू देत. दोन महिने बघू. मार्चपर्यंत.

मालिनी : भाडेकरूला अकरा महिन्यांचा करार देणार होतास. आईला दोनच?

यज्ञेश : रात्री झोपायच्या आधी फोन करशील?

मालिनी : करीन.

यज्ञेश : मी केला, तर उचलशील?

मालिनी : उचलीन. आणि नाही उचलला, तर मीटिंगला बसू नकोस, पुतळाबाईला लाव. तिचा नंबर घेऊन ठेव. पोरा, ते दोन तास मी विसरले आहे. तूही विसर.

यज्ञेश : थांब, त्या लोकांचा फोन येतोय. हो, हॅलो. हो, मीच. नाही, रिक्षा वळवा तुम्ही, माफ करा. रिक्षाचे तुमचे पैसे मी देतो. नाही, घर चांगलंच आहे हो. घरात माणूस राहतंय.

पुतळाबाई : चहा निवला.

यज्ञेश : आलो. आई, ही किल्ली. इथं स्टुलावर ठेवतो, चाकूशेजारी.

मालिनी : किल्ली हातात दे. ती हातात दिलेली चालते.